रूपक ताल पायात कसा उतरवायचा? (मुलं ११ ते १५ वयाची, जागा वरच्या मजल्यावरची)

बोरीकाठची
नमस्कार मंडळी. मी अमळनेरला गाण्याचा क्लास घेते. घराच्या वरच्या मजल्यावर, शनिवार-रविवार सकाळी. सध्या चौदा मुलं आहेत, सहावी ते दहावीतली. नऊ मुली, पाच मुलगे. पाचांतले दोघं आईच्या धाकानं येतात. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे.

झालं असं की परीक्षेसाठी रूपक घेत होते. सगळ्यांना चोख पाठ. सात मात्रा, तीन-दोन-दोन, पहिलीवर खाली (म्हणजे टाळी न देता हात नुसता उघडा), चौथी आणि सहावीवर टाळी. लिहायला सांगितलं तर पाच मिनिटांत चिन्हांसकट कागद समोर. मग पेटीवर लेहरा (तालाच्या एका फेरीची, परत परत वाजणारी धून) धरला आणि म्हटलं, सम, म्हणजे पहिली मात्रा, आली की हात वर करा. चौदांपैकी दोघींचे हात बरोबर पडले. बाकीचे बोटांची पेरं मोजत बसले होते, आणि लय जरा सरकवली की पेरं एकीकडे, पेटी एकीकडे. त्यात एकीला गेल्या वर्षी तालाच्या तोंडी परीक्षेत उत्तम गुण मिळालेले.

त्या रात्री मला खरोखर लाज वाटली. त्यांची नाही, माझीच.

बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्यात तीन दिवसांचं एक शिबिर केलं होतं, त्याची वही काढली. एमिल झाक-डालक्रोझ (१८६५–१९५०) हा जिनिव्हाच्या संगीतशाळेत १८९२ पासून हार्मनी शिकवायचा. त्याचीही तक्रार हीच होती: विद्यार्थी कागदावर सगळं अचूक लिहितात, पण लिहिलेलं त्यांना ऐकू येत नाही. आणि वर्गात लय सोडणारी मुलं रस्त्यानं चालताना मात्र लय सोडत नाहीत. त्यानं बाकं हलवली आणि मुलांना चालायला लावलं. तो पियानोवर आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचा आणि मुलं ऐकून अंगानं उत्तर द्यायची. त्याच्या शिकवण्याचे तीन पाय होते: अंगानं लय, गळ्यानं स्वर आणि तिसरी उपज, म्हणजे आयत्या वेळी आपलं आपण सुचवणं. १९११ मध्ये ड्रेस्डेनजवळ हेलेराऊला याच कामासाठी इमारत उभी राहिली, पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर त्याचं तिथलं काम थांबलं, १९१५ मध्ये जिनिव्हात त्याच्या नावाची संस्था निघाली.

तर गेले पाच रविवार मी सतरंजी गुंडाळून मुलांना चालवतेय. काही जमलं, बरंच फसलं. अडतंय ते तीन ठिकाणी. मुलगे हलत नाहीत, भिंतीला पाठ लावून उभे राहतात. 'मनानं काहीतरी वाजव' म्हटलं की सगळे दगड होतात. आणि एका पालकांनी विचारलं, "मॅडम, गाणं कधी सुरू होणार?"

कोणी असं काही केलंय का?

---

हलगी_आणि_शिट्टी
ताई, मी शिरपूर तालुक्यात खेळाचा शिक्षक आहे, गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण भिंतीला पाठ लावलेल्या पोऱ्यांवर माझी नोकरी चालते, म्हणून लिहितो.

आठवीतल्या पोराला 'नाच' म्हणू नका, मेला तरी नाचणार नाही. हाच पोऱ्या वरातीत डीजेसमोर दोन तास घाम गाळतो. मागे एकाला विचारलं, का रे, तिथं कसा नाचतो? म्हणे, "सर, तठे कोणी देखत नही." आता वरातीत अख्खा गाव बघत असतो! पण त्याचं खरं होतं. तिथं सगळेच नाचतात, त्यामुळे त्या एकट्याकडे कोणी बघत नाही. तुमच्या वर्गात तेरा जण बघतात आणि चौदावे तुम्ही.

दुसरं म्हणजे लेझीम. आपल्याकडे अंगानं लय शिकवायची सोय शाळेत आहेच, पण ती आम्हीच मारली. मी पंधरा वर्षं शिट्टी मारून आकडे बदलायला लावायचो. पोरं शिट्टी ऐकायची, हलगी नाही. एका २६ जानेवारीच्या सरावात शिट्टी हरवली, म्हणून हलगीवाल्याला सांगितलं की तूच ठेका बदलून इशारा दे. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ. तिसऱ्या दिवशी पोरं हलगीकडे कान देऊन होती. मैदानावर एवढी शांतता मी आधी ऐकली नव्हती.

---

जुनी_पेटी
चाळीस वर्षं शिकवलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

हाताने ताल देणे ही क्रियाच आहे. टाळी आणि खाली ही शरीराची हालचाल नाही तर काय आहे? आपल्या पद्धतीत ते शेकडो वर्षांपासून आहे. मुले मोजतात कारण आपण घाईने परीक्षेला बसवतो. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून पालकही घाई करतात. एक ताल सहा महिने देऊन बघा, चालायची गरज पडणार नाही. आणि उपज ही रियाजानंतरची गोष्ट आहे. ज्याच्या गळ्यात दोनशे तऱ्हांनी भूप राग फिरलेला नाही त्याला 'मनाने गा' म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला तापीत ढकलणे.

---

मुठेकाठी_खान्देशी
+१. आणि प्रत्येक गोष्टीसाठी स्वित्झर्लंड कशाला? आमच्या आजीला कुठलाही डालक्रोझ माहीत नव्हता, कानबाईच्या पुढे फुगडी धरली की ठेका सुटत नव्हता.

---

बोरीकाठची
@जुनी_पेटी काका, राग कसला. टाळी-खालीबद्दल तुमचं बरोबर आहे, पण माझ्या वर्गात ती टाळी मनगटापुढे जात नाही. हात आपोआप वाजतो, खांदा झोपलेला असतो. लेहऱ्याशी त्या हाताचं काही नातंच राहत नाही.

सहा महिने एक ताल, हे पटतं. तेच करतेय, फक्त उभं राहून.

@मुठेकाठी, आजीला ठेका यायचा कारण तिला फुगडी होती. माझ्या वर्गातल्या नऊ मुलींपैकी गुलाबाईला टिपऱ्या हातात घेतलेल्या तिघीच, त्याही चौथीपर्यंत. हेही म्हणा, गुलाबाईत एक कानाचा खेळ होता तो मी विसरले होते, तुमच्यामुळे आठवला. गाणी झाल्यावर खाऊचा झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आत काय ते ओळखायचं. चिवडा सरसरतो, लाडू गडगडतो, आणि पेढे असले की डबा मुका. आमच्याकडे एक मावशी मुद्दाम डब्यात फडकं घालून आणायची.

---

लोलक
चोपड्याला विज्ञान शिकवतो. गाण्यात हौशी. एक शंका विचारतो, कदाचित तिच्यातच तुमच्या गोंधळाचं कारण निघेल.

मुलं चालायला लागली तेव्हा लय कोणी ठरवली? तुम्ही की त्यांनी?

आखाजीला झोके घेताना पोरी गाणी म्हणतात ना, त्या गाण्याची लय झोका ठरवतो, गाणारी नाही. आणि झोक्याची लय ठरते दोराच्या लांबीवर. बसणारी हलकी की जड यानं काही होत नाही, आणि झोका फार उंच गेला नाही तर किती उंच गेला यानंही जवळपास काही होत नाही. दोर दोन मीटरचा असेल तर एका ये-जा ला पावणेतीन-तीन सेकंद लागतात, चार मीटरचा असेल तर चार. निंबाच्या उंच फांदीला बांधलेल्या झोक्यावर तेच गाणं संथ होतं आणि घराच्या आढ्याला बांधलेल्या झोक्यावर पळतं. चुलत बहिणींमध्ये 'आमच्याकडे अशी चाल आहे' म्हणून भांडणं व्हायची, ती मला वाटतं निम्मी दोरावरची होती.

पायही लोलकच. सहावीतल्या साडेचार फुटी मुलीचा पाय आणि दहावीतल्या पावणेसहा फुटी मुलाचा पाय, दोघांची सहज चाल एक असूच शकत नाही. तुम्ही पेटीवर एक लय धरून चौदा जणांना त्यात चालवलंत, तर एखाद-दोघांनाच ती अंगची वाटेल. बाकीचे ओढून-ताणून चालणार, आणि ओढून-ताणून चालणारा परत मोजायला लागतो.

---

बोरीकाठची
@लोलक सर, अगदी तेच झालं. पहिल्या रविवारी मी लेहरा धरला आणि म्हटलं चला. ते चालणं नव्हतंच, बसस्टँडवर गाडी लागल्यावर होते ती धावाधाव होती.

दुसऱ्या रविवारी उलट केलं. एकेकानं खिडकीपासून दारापर्यंत आपल्या चालीनं यायचं, आणि मी त्याची चाल पेटीवर उचलायची. शिबिरात हेच सांगितलं होतं, मी घाईत गाळलं. पावलावर स्वर पडतोय हे लक्षात आल्यावर मुलं काय काय करायला लागली! एक मुलगी अर्ध्या वाटेत थांबली आणि माझ्याकडे वळून बघितलं, मी थांबले का ते बघायला. मी थांबले होते. ती हसली, दोन झटपट पावलं टाकली, परत थांबली. आता मी तिच्या तालावर. तिला मी शिकवत नव्हते, ती मला पळवत होती.

त्यानंतर 'माझी लय → शेजाऱ्याची लय → पेटीची लय' असं सरकत गेलो. दोघं-दोघं शेजारी चालायचं, न बोलता एक चाल सापडेपर्यंत. उंच मुलगा आणि बुटकी मुलगी जोडीला आली की छान होतं, दोघांनाही थोडं थोडं सोडावं लागतं.

आणि रूपक. मी आधी हातानं ताल देण्याऐवजी पाय आपटायला लावत होते, त्यात सम जड व्हायची आणि सगळं बिघडायचं. रूपकाची सम खाली आहे ना! मग असं केलं: सातांत पावलं तीनच. पहिल्या मात्रेला लांब पाऊल, पण चवड्यावर, आवाज न करता, आणि हात उघडा बाजूला. चौथीला आखूड पाऊल, टाच वाजवून. सहावीला आखूड, टाच वाजवून. लांब, आखूड, आखूड. लांब पावलात तीन मात्रा मावतात कारण पाय हवेतून सावकाश येतो. एक जण म्हणाला, "मॅडम, खड्डा ओलांडून दोन पायऱ्या चढायच्या." आता वर्गात रूपकाला 'खड्डा-पायरी-पायरी' हेच नाव पडलंय.

तिसऱ्या दिवशी परत लेहरा धरला, समेवर हात वर करा म्हटलं. अकरा हात. वर बघून नाही, डोळे मिटून.

---

डग्गा_फुटला
वा! खड्डा-पायरी-पायरी मी उचलला. धुळ्यात तबला शिकवतो, पण माझी पोरं बसलेलीच असतात. 😀

तिहाईचा (एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येण्याचा) एक उद्योग सांगतो, तुमच्या चालण्यात बसेल. आमच्याकडे बोलांऐवजी खायच्या गोष्टी चालतात. पाच अक्षरी तुकडा घ्या: भ-री-त-पु-री. सोळा मात्रांचा तीनताल चालू ठेवा, तिसऱ्या मात्रेपासून सुरू करा, मात्रेला एक अक्षर, मध्ये न थांबता तीन वेळा.

भरीतपुरी (३ ते ७), भरीतपुरी (८ ते १२), भरीतपुरी (१३ ते सम).

शेवटची 'री' बरोबर समेवर. दुसऱ्या मात्रेला सुरू केलं तर सोळाव्यावरच संपतं, चौथीला केलं तर सम निघून जाते आणि 'री' मागून पळत येते. पोरांना आधी सांगायचं नाही कुठून सुरू करायचं, शोधू द्यायचं. अर्धा तास नुसता आरडाओरडा, पण ज्याला सापडतं त्याचं तोंड बघण्यासारखं असतं. मग सांगायचं: आता तुमचा स्वतःचा पाच अक्षरी आणा. 'चाळीसगाव' आलं, 'नंदुरबार' आलं, एकानं हेडसरांचं नाव आणलं. उपज म्हणतात ती हीच की.

@जुनी_पेटी, काका, यात तापीत ढकललं का कोणाला? नाही. आधी गुडघाभर पाण्यात उभं केलं.

---

जुनी_पेटी
भरीतपुरीचे गणित बरोबर आहे. मी करून पाहिले, सौ. हसत होत्या.

---

भुसावळ_जंक्शन
मी शिक्षक नाही, आई आहे. माझा मुलगा तेरा वर्षांचा. छान गायचा, शाळेच्या प्रार्थनेत पुढे असायचा. दिवाळीनंतर आवाज फुटायला लागला, एकदा प्रार्थनेत मध्येच चिरकला, मुलं हसली आणि शिक्षिकेनं सगळ्यांसमोर मागच्या रांगेत पाठवलं. तेव्हापासून घरात गुणगुणतसुद्धा नाही. क्लास बंद, पेटीवर कापड. जबरदस्ती करावी की सोडून द्यावं? तुमच्या चालण्या-बिलण्यात अशा मुलाला जागा आहे का?

---

बोरीकाठची
@भुसावळ_जंक्शन ताई, वाचून वाईट वाटलं. मागच्या रांगेची काही गरज नव्हती.

या वयात मुलग्यांचा घसा वाढतो, स्वरतंतू लांब-जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो, पण कळण्याइतका नाही. उतरताना काही महिने मधले काही स्वर नुसते गायब असतात, म्हणजे वर जुना आवाज आहे, खाली नवा आला आहे आणि मध्ये खड्डा. तो चिरकणं त्याच खड्ड्याचं. ते बेसूर नव्हे.

माझ्याकडे असे दोघं आहेत. त्यांना गायला लावतच नाही असं नाही, पण पट्टी त्यांची. काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर सा धरला की) मुली आरामात असतात आणि हे दोघं तोंड उघडं ठेवून गप्प. म्हणून काही वेळ तंबोरा काळी एकवर आणते, आणि तीनच स्वर, सा रे ग, हळू, हुंकारात. ज्याला जो सापडेल तो, ज्या सप्तकात सापडेल त्यात. बाकी वेळ त्यांचे पाय आणि हात असतात. खरं सांगायचं तर या दोघांसाठीच हे चालणं फार कामाचं ठरलं. गळा बंद पडला म्हणून माणूस गाण्यातून बाहेर पडत नाही.

जबरदस्ती नको. पेटीवरचं कापड मात्र काढून ठेवा. येता-जाता एखादं बोट पडतं.

---

पावरी
धडगाव भागात आश्रमशाळेवर आहे. नेटवर्क आलं की लिहितो, तुटक वाटलं तर सांभाळून घ्या.

आमच्या मुलांना 'संगीत अंगानं शिका' हे सांगितलं तर हसतील. दुसरं कशानं शिकतात? होळीला रात्रभर ढोल चालतो, काठी गावच्या होळीला तर लांबलांबून माणसं येतात. नाचणाऱ्यांच्या कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरं बांधलेली असतात. पाऊल चुकलं तर कंबरच सांगते, मास्तर लागत नाही. लहान पोरं कडेला असतात, मोठ्यांच्या पायात येतात, ढकलली जातात, पुढच्या वर्षी आत. कोणी 'आता तू कर' म्हणून मध्ये उभं करत नाही.

आणि तीच पोरं शाळेच्या हॉलमध्ये समूहगीत म्हणताना ताठ. हात शिवणीला. कारण आम्ही तसं उभं करतो.

माझी सूचना एकच: आवाज करणारं काहीतरी अंगाला बांधा. घुंगरू नको, घुंगरू म्हटलं की मुलगे पळतील. आमच्याकडे एकानं जुन्या किल्ल्यांचा जुडगा बांधला होता.

---

हलगी_आणि_शिट्टी
किल्ल्यांचा जुडगा 👌 हे पोऱ्यांना चालतं. 'नाच' नाही, 'वाजव' म्हणायचं.

---

मुठेकाठी_खान्देशी
मान्य, मी जरा चढ्या आवाजात लिहिलं. पण एक प्रश्न राहतोच. हे सगळं मजेचं आहे, पण उपज? नुसतं पायानं धपाधप म्हणजे उपज नव्हे. राग कुठे आहे यात? आणि ताईंनी स्वतःच लिहिलंय की मनानं वाजव म्हटलं की मुलं दगड होतात.

---

बोरीकाठची
@मुठेकाठी, हा प्रश्न चांगला आहे, कारण यात माझी चूक होती आणि ती कळायला चार रविवार गेले.

'मनाला येईल ते गा' हे तेरा वर्षांच्या मुलाला सांगणं क्रूरपणा आहे. त्याच्या मनाला सगळ्यात आधी हेच येतं की लोक हसतील. मोकळं रान दिलं की तो कोपरा शोधतो. उलट कुंपण जितकं जवळ, तितका तो आत उड्या मारतो.

आता मी असं करते. पहिला दिवस: एकच स्वर, सा. मी आठ मात्रांचा प्रश्न विचारते, फक्त सा वर, लयीत काहीतरी करून. त्यानं आठ मात्रांत उत्तर द्यायचं, त्याच सा वर. स्वर चुकायची सोयच नाही. नियम एकच, नवव्या मात्रेला मी परत सुरू करणार, तू संपलेला असो वा नसो. आणि आठही मात्रा गप्प राहिलास तर तेही उत्तर, पण गप्प राहताना पाय चालू हवेत. हा शेवटचा नियम कामाचा निघाला. गप्प राहायची मुभा मिळाल्यावर गप्प कोणी राहिलंच नाही, एक सोडून. त्याचं पुढे सांगते.

मग सा-रे. मग सा-रे-ग. भूपापर्यंत यायला महिना लागेल, लागू दे. पाच स्वरांत सुरुवात करायची कल्पना कार्ल ऑर्फकडेही आहे. म्युनिकमध्ये १९२४ पासून डोरोथे ग्युंटर यांच्या शाळेत नाच आणि संगीत एकत्र शिकवताना त्याची सुरुवात झाली, गुनिल्ड केटमान यांनी मुलांसाठी कितीतरी रचना केल्या. त्यांच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यातून नको त्या पट्ट्या उचलून ठेवता येतात, मग मूल कुठेही मारो, कानाला खटकत नाही. मी पेटीवर गरीब युक्ती केली: भूपात नसलेल्या म आणि नी च्या पट्ट्यांवर कागदी चिकटपट्टी लावली. मुलं तिला 'रस्ता बंद' म्हणतात.

काका, तुमचं रियाजाचं म्हणणं मी सोडलेलं नाही. या मुलांची तान मी ऐकते तेव्हा कळतं की ती पाठ केलेली आहे, वहीतली, सोळा मात्रांची, लाल शाईनं अधोरेखित. ती सुंदरही असते. पण मध्येच मी लय बदलली तर तान तशीच पुढे पळते, इंजिन गेलं तरी डबे निघाल्यासारखी. गळा तयार व्हायला वेळ लागतो हे खरंच. पण ऐकून उत्तर द्यायची सवय गळा तयार झाल्यावर आपोआप लागते, असं मला तरी माझ्या अनुभवात दिसलेलं नाही. मी स्वतः विशारद झाले तेव्हा मला आयत्या वेळी चार मात्रांचं काही सुचत नव्हतं. ते खूप नंतर, एका भजनी मंडळात बसायला लागल्यावर सुटलं.

आता मुलग्यांबद्दल. तुमच्या सगळ्यांच्या सूचनांनी तीन बदल केले. गोल करायचा, पण तोंडं बाहेर आणि पाठी आत. कोणीच कोणाला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. खिडक्यांना पडदे. आणि 'नाच' हा शब्द बंद.

डब्यांवरून आठवलं, गाडीचा खेळ फारच रंगला. भुसावळ-सुरत लाइनची स्टेशनं: धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार. पॅसेंजर सुटते तशी हळू सुरुवात, मग पावलं जलद, स्टेशन आलं की हळू होत थांबायचं. एक मुलगा गार्ड, तो न बोलता फक्त टाळ्यांच्या लयीनं गाडी चालवतो. अमळनेरला सगळे हमखास जास्त वेळ थांबतात. त्यात गेल्या रविवारी इंजिननं दोंडाईच्याला ब्रेक लावला आणि मागचे सहा डबे एकमेकांवर. माझा लहानपणापासूनचा स्टीलचा तांब्या गॅलरीतून खाली अंगणात. शेजारच्या काकू वर आल्या. त्यांना वाटलं छत पडलं. तेव्हापासून धावणं बंद, फक्त चालणं.

---

भुसावळ_जंक्शन
तो गप्प राहणारा एक, त्याचं सांगा ना.

---

बोरीकाठची
सांगते. नाव नाही, कळेल असं काही लिहीत नाही.

हा आईच्या धाकानं येणाऱ्या दोघांपैकी एक. पाच रविवार भिंतीशी. कोणाला त्रास नाही, सूचना ऐकतो, करत काही नाही. मी सोडून दिलं होतं. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की त्याच्या हातात कंपासपेटी असते आणि तिच्या झाकणावर अंगठ्याचं नख चालू असतं. आवाज जवळजवळ नाहीच. मी पेटीची लय बदलली की नखही बदलत होतं, इतरांच्या पायांच्या आधी. मी काही बोलले नाही. बोलले असते तर कंपासपेटी दप्तरात गेली असती.

आज पाठी आत करून गोल केला, तोही गोलात आला, कारण भिंतीकडेच तोंड होतं. 😀 रूपक. प्रश्न-उत्तर, सात मात्रांचं, फक्त पाय आणि हातांत जे असेल ते. एकेक जण करत गेला. त्याची पाळी आली तेव्हा समेवर काहीच वाजलं नाही. मला वाटलं, गप्प. चौथीला कंपासपेटीचं झाकण, टप. सहावीला टप. परत सम रिकामी. परत टप, टप. मग तिसऱ्या आवर्तनात त्यानं चौथीसुद्धा सोडली आणि फक्त सहावीवर वाजवलं, आणि त्यानंतर सातवीला आतली कर्कटकं-पेन्सिली एकदाच खळ्ळ करून हलवली, समेत ढकलून दिल्यासारखी.

त्याला एकच आवर्तन द्यायचं होतं, त्यानं तीन घेतली. त्याच्या पाठीशी असलेल्या मुलीनं न विचारता चवड्यावर लांब पाऊल टाकून त्याच्या रिकाम्या समेवर सा लावला. मी पेटीवरचा हात काढून घेतला. पुढची पाच-सहा आवर्तनं त्यांची त्यांनीच चालवली, पेटीशिवाय, आणि लय कुठे हलली नाही.

नंतर तो खाली चपला घालताना म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी मोठा डबा आणू का?"

---

जुनी_पेटी
सम रिकामी ठेवणे त्याला कोणी शिकवले?

---

बोरीकाठची
कोणी नाही काका. खड्ड्यात पाय ठेवायचा नाही एवढंच त्याला माहीत होतं.

---

लोलक
लय किती होती? मिनिटाला किती मात्रा?

---

बोरीकाठची
मोजली नाही सर. तो जिना चढतो त्या लयीत होती.

---

डग्गा_फुटला
मोठा डबा आणू द्या. आत चिवडा भरून.

---

बोरीकाठची
@डग्गा_फुटला, तुम्हीच या एखाद्या रविवारी डग्गा घेऊन. सकाळी साडेसात, नंतर फरशी तापते. आणि त्या पालकांना, 'गाणं कधी सुरू होणार' विचारणाऱ्यांना, पुढच्या रविवारी आत बसायला बोलावलंय. बसायला म्हणजे चालायला.